चुलीतलं इंधन, भट्टीतलं इंधन

दारव्ह्याकडच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "'शीघ्र प्रजनक अणुभट्टी'ची बातमी आजोबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, 'आमच्या चुलीत त राखच उरते बा, यायचं इंधन जळून वाढते कसं?' मग इथे 'इंधन' शब्द चुकतो का?"

चुकत नाही. 'इंधन' आला 'इन्ध्' म्हणजे पेटवणे या संस्कृत धातूवरून. 'समिधा' त्याच घरातली. आपल्याकडे इंधन म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या शीघ्र प्रजनक भट्टीत ते म्हणजे युरेनियम आणि प्लुटोनियमच्या ऑक्साइडांचं मिश्रण. ज्वाळ नाही, धूर नाही. अणुकेंद्रं फुटतात आणि त्याची उष्णता मिळते.

घोळ 'शीघ्र'ने घातलाय. वाचणाऱ्याला वाटतं, इंधन भराभर वाढतं. वेग असतो तो केंद्रं फुटताना सुटणाऱ्या न्यूट्रॉन-कणांना. त्यांना मंद करणारा पदार्थ इथे ठेवत नाहीत, म्हणून तर थंडाव्यालाही पाण्याऐवजी द्रव सोडियम. इंधन दुप्पट व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

आजोबांना त्यांच्याच चुलीची आठवण द्या. पावसाळ्यात ओलं इंधन चुलीभोवती रचून ठेवतात ना? आतल्या धगीवर ते वाळतं आणि उद्याला कामी येतं. खाणीतल्या युरेनियमात सहज फुटणारं युरेनियम-२३५ शेकडा ०.७च असतं, बाकी जवळपास सगळं २३८, ते जणू ओलं. तेच भट्टीच्या गाभ्याभोवती रचतात. प्लुटोनियमचं एक केंद्रक फुटलं की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. एक पुढची फूट चालू ठेवतो, उरलेल्यांपैकी एखादा २३८ गिळतं आणि काही दिवसांत, मधे नेप्च्युनियम होऊन, प्लुटोनियम-२३९ बनतं. म्हणजे जळतं ते एक, तयार होतं ते दुसरं. जळालं त्याहून जास्त तयार झालं, तरच भट्टीला 'ब्रीडर', म्हणजे प्रजनक, म्हणायचं.

या २३८ला इंग्रजीत 'फर्टाइल' म्हणतात, तेच विशेषण चांगल्या जमिनीलाही लावतात. मराठीत सरळ 'सुपीक' म्हणावं, कोशात शोधत बसू नये.

आता 'प्रजनक'. बरोबर आहे, पण जनावरांच्या दवाखान्यातला वाटतो. कृषी विद्यापीठवाल्यांनी ब्रीडर सीडला कधीचंच 'पैदासकार बियाणे' केलंय आणि ते आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी बसलंय. तिथे पैदासकार म्हणजे वाण काढणारा माणूस, हा फरक आहेच. तरी 'पैदासकार अणुभट्टी' म्हटलं असतं, तर आजोबांना वाढीचा अर्थ आपसूकच लागला असता.