'आले' खोडून 'आलो'

प्रिय लेकरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्याच ओळीत 'घरी आले' मधलं 'आले' खोडून तू 'आलो' केलंयस. पेन इतकं दाबलंस की पानाच्या मागे वळ उठलाय. पुढे मात्र सगळीकडे 'मला वाटतं', 'मला जायचंय', 'मला झोप लागत नाही'. मुलगा की मुलगी हे कळणारच नाही, अशी वाक्यं वेचून वेचून लिहिलीस. किती दमला असशील रे.

'लिमेन्सिता' हा इटालियन सिनेमा पाहून 'बाई, हे आमचंच घर आहे' असं तू लिहिलंस, म्हणून मीही तो पाहिला. 1970 च्या दशकातलं रोम, नवा फ्लॅट. घरच्यांसाठी ती बारा वर्षांची आद्रियाना, पण तो स्वतःला आंद्रेआ म्हणवतो. तिकडे हे मुलग्याचं नाव. इटालियनमध्येही 'गेलो-गेले' लपत नाही. 'जेवलो' म्हणताना तरी त्यांची सुटका होते, आपली तीही नाही.

गाणं लावून, नाचत नाचत, मुलांसोबत टेबल मांडणारी आंद्रेआची आई, क्लारा, तुला आवडली. मलाही. त्याच बाईला नवरा मारतो, त्याचं बाहेर प्रकरण आहे. इटलीत घटस्फोटाचा कायदा 1970 सालीच झाला, 1974 च्या सार्वमतात सुमारे 59 टक्के लोकांनी तो राखला. तरी क्लाराचा पाय घराबाहेर निघत नाही. का, ते तुझ्या आईकडे बघून तुला माहीत आहे.

आता मुख्य गोष्ट. 'माझ्यामुळे दोघं भांडतात' असं तू लिहिलंस. हे मी ऐकून घेणार नाही. तू घरी बोललास तो गेल्या दिवाळीत. तू चौथीत होतास तेव्हा पालकसभेला ते दोघं दोन टोकांच्या बाकांवर बसायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझं नुसतं निमित्त झालंय.

आणि आईला सोडवायचं कामही अंगावर घेऊ नकोस. आंद्रेआ तिचा राखणदार व्हायला बघतो, पोराच्या खांद्यांना ते पेलत नाही. वडिलांनी हात उचलला तर मध्ये पडू नकोस. शेजाऱ्यांना हाक मार, 112 लाव, मला उठव. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

सगळ्यांना सगळं आत्ताच सांगायला हवं, असंही नाही. या सिनेमाचे दिग्दर्शक एमानुएले क्रियालेसे यांनी 2022 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सांगितलं, की जन्माच्या वेळी आपण मुलगी होतो आणि ही गोष्ट आपल्याच बालपणातून आली आहे. तेव्हा ते 57 वर्षांचे होते. तू सतरा वर्षांचा आहेस. घराबाहेर एका माणसाला सांगितलंस, ते माणूस मी आहे, आजच्यापुरतं तेवढं खूप झालं. समुपदेशकाकडे जायचं असेल तर मी सोबत येईन, बाहेर बाकावर बसेन.

शनिवारी ये. बेल वाजव आणि दारातूनच मोठ्यानं म्हण, 'बाई, मी आलो.' साबुदाण्याची खिचडी करून ठेवते.

तुझ्या
बाई