अमेरिकेत एस्टेट सेलमधून जुन्या वस्तू घ्याव्यात का? घेतल्या तर काय बघून घ्यायच्या?

तुम्ही लिहिलंय की ओहायोत नवीन घर घेतलंय, शेजारीण एस्टेट सेलला (म्हणजे एखाद्या घरातलं सगळं सामान त्याच घरात मांडून विकतात तिथे) चल म्हणून मागे लागलीये आणि नवऱ्याचं म्हणणं मेलेल्या माणसांच्या वस्तू आपल्या घरात नकोत. मी कोलंबसजवळ राहते, नऊ वर्षं या सेलना जातेय आणि आमच्याकडे हे भांडण नवऱ्याशी नाही, सासूबाईंशी झालं होतं.

आधी एक सांगते, प्रत्येक सेलमागे कुणी गेलेलंच असतं असं नाही. बरेचदा म्हातारं जोडपं मोठं घर विकून छोट्या अपार्टमेंटमध्ये किंवा असिस्टेड लिव्हिंगमध्ये (रोजच्या कामांना मदत मिळते अशा वृद्धांच्या निवासात) जातं, मुलं दुसऱ्या राज्यात असतात, त्यांना चाळीस वर्षांचा संसार न्यायला जागा नसते, मग एखादी कंपनी येऊन अख्ख्या घराला टॅग लावते आणि विक्रीतला हिस्सा घेते. पण बाकी वेळा माणूस गेलेला असतो हे खरं. पहिल्यांदा गेले तेव्हा बाथरूमच्या कपाटातल्या अर्ध्या संपलेल्या पावडरच्या डब्यालासुद्धा पन्नास सेंट्सचा टॅग होता, मी काही न घेता बाहेर आले. त्यामुळे तुमचा नवरा अगदीच चुकीचं बोलतोय असं मी म्हणणार नाही.

सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा त्यांनी सरळ नियम काढला. धातूचं चालेल, विस्तवावर गेलं की शुद्ध. चिनी मातीचं शक्यतो नको. कापडाचं, गादीचं, उशीचं नाव काढायचं नाही. मी तेव्हा हसले होते पण आता सांगते, एस्टेट सेलसाठी यापेक्षा चांगला नियम मला कुणी दिला नाही, कारण गाद्या-सोफ्यांतून ढेकूण येतात आणि इथे ढेकूण घालवायला लागणाऱ्या पैशात नवा सोफा येईल.

तर धातू. पहिल्यांदा जाल तर शोकेसकडे नाही, स्वयंपाकघरातल्या खालच्या कपाटांकडे आणि बेसमेंटकडे जा. तिथे बिडाची भांडी असतात, इथले लोक कास्ट आयर्न म्हणतात, आपला बिडाचा तवाच तो. जुन्या तव्यांत दोन नावं बघा, पेनसिल्व्हेनियातल्या इरीचं ग्रिसवोल्ड आणि आपल्याच ओहायोतल्या सिडनीचं वॅग्नर. तव्याच्या पाठीवर 'सिडनी -ओ-' असं असतं, मला पहिल्यांदा वाटलं ऑस्ट्रेलियाहून आला की काय, तो ओ म्हणजे ओहायो. हे जुने तवे हलके असतात आणि आतून घासून गुळगुळीत केलेले, आजच्या बऱ्याच तव्यांसारखे खरबरीत नाहीत. गंज दिसला तर घाबरू नका, तो निघतो. तडा मात्र बघा, मडकं घेताना आपण टिचकी मारतो तसं बोटाच्या पेराने वाजवायचं, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर ठेवून द्यायचं. मग सपाट ओट्यावर ठेवून हलकेच फिरवायचं, भोवऱ्यासारखं गरगरलं तर बूड फुगलंय, काचेच्या शेगडीवर ते डुगडुगणार. आणि गॅरेजमध्ये मासेमारीच्या किंवा बंदुकीच्या सामानाशेजारी ठेवलेला तवा असेल तर अजिबात घेऊ नका, लोक अशा तव्यांत गळाची वजनं आणि गोळ्या ओतायला शिसं वितळवायचे. माझा आठ नंबरचा, म्हणजे साडेदहा इंची वॅग्नर चोवीस डॉलरचा होता, रविवारी बाराला मिळाला, थालीपीठं त्याच्यावरच होतात.

रविवारी अर्धी किंमत कशी ते सांगायचं राहिलं. सेल साधारण शुक्रवार ते रविवार असतो. पहिल्या दिवशी टॅगची किंमत, दुसऱ्या दिवशी थोडी कमी, शेवटच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी निम्मी. पहिल्या दिवशी डीलर लोक पहाटेपासून येऊन नंबर घेतात, दार उघडलं की धावतात, आपण त्यांच्याशी स्पर्धा करायची नाही. फोटो आधीच ऑनलाइन येतात, ते झूम करून बघा, मागच्या शेल्फवर काय आहे तेही. एखादी वस्तू हवीच असेल तर शुक्रवार, नाहीतर रविवार. भाव करायचा पण पुण्याच्या जुन्या बाजारासारखा निम्म्यापासून सुरुवात नाही हं, चार वस्तू गोळा करायच्या आणि काउंटरवर हसून विचारायचं की सगळ्याचं मिळून किती लावाल. हातातली वस्तू विचार करायला खाली ठेवलीत की गेली समजा. आणि घेतलेलं परत होत नाही, जसं आहे तसं.

माझी सगळ्यात मोठी चूक चांदीची. मखमली पेटीत काटे-चमचे, मागे '१८४७ रॉजर्स ब्रदर्स', मला वाटलं १८४७ सालची चांदी, म्हणजे महाराणी व्हिक्टोरियाच्या काळातली! दीडशे वर्षांहून जुनी चांदी एकशेचाळीस डॉलरला, मी लगेच कार्ड काढलं. घरी येऊन वाचलं तर १८४७ हा ब्रँडच्या नावातलाच आकडा, चमचे बनले त्या सालाचा नाही, आणि वर फक्त चांदीचा मुलामा. यात दोष कुणाचाच नाही, मी वाचलं नव्हतं. खऱ्या चांदीवर इथे 'स्टर्लिंग' असं पूर्ण लिहिलेलं असतं किंवा ९२५. तेही असलं तरी मेणबत्तीस्टँड वजनावर घेऊ नका, आत सिमेंट किंवा डांबरासारखं काही भरलेलं असतं, चांदी नुसती पापुद्र्यासारखी.

काचेच्या आणि चिनी मातीच्या बाबतीत सासूबाईंचा नियम मी मोडला. तुम्ही ओहायोत आहात म्हणून सांगते, इथल्याच न्यूअर्कच्या हायझी कंपनीची काच इथल्या घरांत खूप निघते, १९५७ मध्ये कारखाना बंद झाला. बुडाला बोट फिरवा, पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात एच असा उठाव लागतो, पण सगळ्यांवर नसतो. कॉर्निंगवेअरची निळ्या फुलांची पांढरी भांडी (१९५८ पासूनची) सुद्धा घ्या, ती जुनी थेट शेगडीवर चालतात. फक्त ऑनलाइन त्यांना हजारो डॉलरच्या किमती लावलेल्या दिसतील त्याला भुलू नका, ईबेवर 'सोल्ड' फिल्टर लावून खरंच कितीला गेली ते बघा, बहुतेक वेळा एका जेवणाच्या पैशात. बशीमागे 'निप्पॉन' (म्हणजे जपानच) असेल तर साधारण १८९१ ते १९२१, 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतची, कारण अमेरिकेच्या कायद्याने देशाचं नाव छापावं लागायचं.

फर्निचर मी कमी घेते. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून मागे बघा, डव्हटेल सांधे (कोपऱ्यात फळ्या दातांसारख्या एकमेकींत अडकवलेल्या असतात ते) किंचित वेडेवाकडे म्हणजे हाताने केलेले, एकसारखे म्हणजे मशीनचे. अधिक चिन्हाच्या खाचेचे, म्हणजे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आले, त्यामुळे 'व्हिक्टोरियन' म्हणून विकत असलेल्या कपाटात तेच सगळीकडे दिसले तर काहीतरी गडबड आहे. लहान मुलं असतील तर जुनं रंगवलेलं काही नको, घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ ला. जुना पाळणा तर फुकट दिला तरी नको. हस्तिदंताच्या वाटणाऱ्या वस्तूंच्याही वाटेला जाऊ नका, २०१६ पासून फेडरल नियम फार कडक आहेत आणि काही राज्यांचे वेगळे कायदे आहेत.

आणि हो, नवऱ्याला घेऊन जा एकदा. मागच्या वर्षी वर्दिंग्टनला एका घरात दाराशी छत्र्या ठेवलेलं पितळी भांडं होतं, टॅगवर 'अम्ब्रेला स्टँड, १८ डॉलर'. दोन्ही बाजूंना कड्या, बाहेरून ठोके मारलेले, आपलं घंगाळ! ते तिथे कसं पोहोचलं कुणास ठाऊक, काउंटरवरच्या बाईला विचारलं तर तिला वाटत होतं मोरोक्कोचं असेल. मी छत्र्या काढून तिच्या हातात दिल्या आणि ते घेऊन आले. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर आधी विचारलं कुणाच्या घरचं, मग स्वतःच म्हणाल्या असू दे, चिंच लाव चांगली आणि कल्हई आहे का बघ आतून.

कल्हई नाहीये. इथे कल्हई करणारं कोणी माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा.