वावरात बोलताना

भाऊ, कृषी सहायक म्हणून नवीन लागलास, म्हणून सांगतो. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, धुऱ्यावर उभं राहून 'आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यास उपाययोजना अवलंबावी' म्हणशील, तर कास्तकार मान डोलावतील अन् घरी जातील. सरळ सांग: सापळ्यातले पतंग रोज मोजा; लागोपाठ 3 दिवस एका सापळ्यात 8-8 गुलाबी बोंडअळीचे पतंग आले, की फवारायची वेळ झाली. एखादी डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं फूल, तोडून आतली अळीच दाखवली, तर अर्धं बोलणं वाचतं.

वासानं पतंग ओढणाऱ्या त्या सापळ्याला मात्र 'कामगंध सापळा' असंच म्हण, दुकानात तेच मागावं लागतं. सोपं बोलायचं म्हणजे मोघम बोलायचं नाही. औषधाच्या डब्यावर 10 लिटरला 20 मिली लिहिलं असेल, तर 15 लिटरच्या पंपाला 30 मिली, असा हिशेबच करून दे. 'थोडंसं टाका' कधीच नको.

गाडगेबाबा कीर्तनात वऱ्हाडीत प्रश्न विचारून लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. तसं विचारत जा. पण तू बाहेरगावचा असशील, तर ओढूनताणून वऱ्हाडी बोलू नको. बाया पदराआड हसतात. अहवालात काय ते जड शब्द लिही, साहेबांना आवडतात.