आमरसासाठी डबा की पाउच?

प्रश्न : आमचा महिला बचत गट दर हंगामात हापूसचा रस ८५० ग्रॅमच्या डब्यांत भरतो आणि थोडे कोकम आगळही करतो. मुंबईचे ग्राहक आता लहान पाउच मागू लागले आहेत. डबे बंद करून पाउचकडे वळावे का? आगळही पाउचमध्ये भरता येईल का?
— एक वाचक भगिनी, देवगड तालुका

उत्तर : आपल्या ग्राहकांचे म्हणणे रास्त आहे. तीन माणसांच्या घरात ८५० ग्रॅमचा डबा फोडला की उरलेला रस दुसऱ्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावा लागतो आणि एक-दोन दिवसांतच त्याची चव उतरते. तरीही डबे एकदम बंद करू नयेत. मिठाईवाले आणि केटरर यांना ३.१ किलोचा मोठा डबाच परवडतो. पाउचचे गिऱ्हाईक मुख्यतः घरगुती आहे.

पाउच घेताना पारदर्शक पिशवीच्या मोहात पडू नये. रसाचा केशरी रंग तिच्यातून सुरेख दिसतो खरा, पण साध्या प्लास्टिकमधून हळूहळू प्राणवायू आत शिरतो आणि तोच रंग काही महिन्यांत तपकिरी पडतो. पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम फॉइल, नायलॉन आणि आतून पॉलिप्रॉपिलीन अशा थरांचे रिटॉर्ट पाउच, म्हणजे भरून बंद केल्यावर तापवता येणारे पाउच, मागावे. पाउच चपटे असल्याने उष्णता मध्यापर्यंत लवकर पोहोचते, उकळत्या पाण्यात ते डब्यापेक्षा कमी वेळ ठेवावे लागते आणि त्यामुळे स्वादही अधिक टिकतो. खरी अडचण तोंड बंद करताना येते. रस भरताना आंब्याचा एखादा धागा तोंडाशी चिकटला आणि त्यावरच सील बसले, तर बाहेरून काही दिसत नाही, पण नेमके तेथूनच पाउच गळते किंवा फुगते. म्हणून नरसाळ्याने भरावे, तोंड आतून कोरडे पुसावे आणि हवा काढूनच सील करावे.

आंबा आम्लयुक्त असल्यामुळे उकळत्या पाण्याने काम भागते. उद्या याच पाउचमध्ये फणसाची भाजी विकावीशी वाटली, तर मात्र थांबावे. तिच्यातले आम्ल कमी असल्याने बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू मारायला दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापमान देणारे रिटॉर्ट यंत्रच लागते.

आगळाला आमच्या मते काचेची बाटलीच बरी. त्यातले मीठ आणि आम्ल पत्र्याला खाते, आणि उजेडात लाल रंग फिका होतो, म्हणून बाटल्या खोक्यात ठेवाव्यात. काच जड आहे, फुटतेही, हे मान्य. पण कोकम सरबत गरम असतानाच साध्या पेट (PET) प्लास्टिकच्या बाटलीत भरले, तर ती थंड होताना कमरेत आत ओढली जाते आणि दुकानदार ती परत करतो.

यंदा शंभरच पाउच भरावेत, पंधरा दिवस घरातल्या तापमानात ठेवावेत आणि एकही फुगले वा गळले नाही, तरच पुढची मागणी घ्यावी.