ग्रामस्थ, नागरिक, ग्राहक

यवतमाळ जिल्ह्यातून प्रश्न आलाय: "आमची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. आधी पाटीवर 'समस्त ग्रामस्थ' लिहायचे, आता कधी 'नागरिक', कधी 'लाभार्थी', नळाच्या बिलावर 'ग्राहक'. फरक काय? आणि नागरिक म्हणजे शहरातलाच ना?"

नाही, पण शंका रास्त आहे. शब्द नगरावरूनच आला. संस्कृतात 'नागर' म्हणजे शहरी, सफाईदार आणि 'ग्राम्य' म्हणजे अडाणी. 'ग्राम्य भाषा' हा शेरा आपल्याकडे वऱ्हाडी बोलणाऱ्याला आजही ऐकावा लागतो, आणि तो टोचतो. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त मात्र 'नागरिक' हा नगराचा कारभार पाहणारा अधिकारी आहे. रस्त्यात केर टाकणाऱ्याला तिथं 'पण' या नाण्याचा आठवा भाग दंड सांगितलाय. म्हणजे या शब्दात जबाबदारी मुळापासून आहे. आज त्याचा अर्थ देशाचा नागरिक. मारेगावचा असो की मुंबईचा.

'ग्रामस्थ' म्हणजे गावात राहणारा, एवढंच. पैसे भरले काय, थकले काय, तो ग्रामस्थच. 'ग्राहक' ग्रह् धातूवरून, म्हणजे घेणारा. 'लाभार्थी' खरं तर लाभ इच्छिणारा, 'विद्यार्थी'सारखा. आपण तो लाभ मिळालेल्याला लावतो.

हे शब्द आपोआप बदललेले नाहीत. २००५ च्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात शहरांना निधी देताना अट होती, की सेवा चालवण्याचा खर्च वापरणाऱ्यांच्या शुल्कातूनच निघावा. नागपुरात २०१२ पासून पाणीपुरवठा खासगी कंपनी चालवू लागली. नवउदारवाद म्हणतात तो हाच विचार: शहर म्हणजे सेवा, माणूस म्हणजे गिऱ्हाईक. पाणीपट्टी भरायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण गिऱ्हाईक फार तर तक्रार करतं; पाइप कुठल्या मोहल्ल्यात आधी जावा, हे ठरवायला त्याला कुणी बसवत नाही. दुकान आपलं आहे असं त्याला वाटावं तरी कसं?

नगरपंचायत झाली की ग्रामसभा उरत नाही, हे मला शब्दांपेक्षाही मोठं वाटतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा आठवा: "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." २००९ मध्ये त्या गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो ग्रामसभेच्या बळावर.

तेव्हा बिलावर 'ग्राहक' आणि योजनेच्या यादीत 'लाभार्थी' राहू द्या. सभेच्या सूचनेत मात्र 'नागरिक' लिहा, नाहीतर सरळ 'गावकरी'. शेतकरी, कामकरी, वारकरी यांच्या ओळीतला हा शब्द मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात 'करणं' ऐकू येतं.