जपानी सहकाऱ्यांचा ‘कलेक्ट’ आणि ‘करेक्ट’मधला गोंधळ कसा दूर करावा?

तुम्ही विचारलंय की चाकणच्या जपानी कंपनीत तुमच्या टीममधल्या दोन जपानी इंजिनिअरांनी इंग्रजी उच्चार सुधारायला मदत मागितली आहे. ‘डेटा कलेक्ट करा’ आणि ‘डेटा करेक्ट करा’ यांतलं ते नेमकं काय म्हणतात, हे कुणालाच कळत नाही. तर सुरुवात कुठून करावी? मी बरीच वर्षं जपानी प्रौढांना इंग्रजी बोलायला शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या, की आपला मराठी ‘र’ त्यांना नमुना म्हणून देऊन चालणार नाही. जपानीतल्या रा-री-रु-रे-रो या ओळीतला ‘र’ आपल्या ‘र’च्या अगदी जवळचा आहे. जिभेचं टोक वरच्या हिरडीला एकदा टिचतं आणि लगेच सुटतं. तुम्ही आपल्या सवयीने ‘राइट’ म्हणालात की त्यांना त्यांचाच ‘रा’ ऐकू येतो. तुमचा ‘ल’ मात्र खुशाल वापरा, तो इंग्रजीला चालण्यासारखा आहे. ‘आर’साठी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांची रेकॉर्डिंग्ज घ्या, ऑनलाइन शब्दकोशांत ती सहज मिळतात.

दुसरं म्हणजे लगेच बोलायला लावू नका, आधी ऐकायला लावा. ‘आर’ आणि ‘एल’ हे दोन आवाज वेगळे ओळखण्याची मुख्य खूण ध्वनीच्या एका ठरावीक वरच्या पट्ट्यात असते, त्याला तिसरा फॉर्मंट म्हणतात. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेवढाच पट्टा बोलण्यातून सुटा काढून ऐकवला, तर जपानी श्रोत्यांना त्यातला फरक अमेरिकन श्रोत्यांइतकाच नीट कळला. तोच फरक शब्दांच्या आवाजात आला की हुकत होता. म्हणजे कानात काहीच दोष नाही. लहानपणापासून मेंदूला त्या खुणेकडे बघायची गरज पडलेली नाही, एवढंच. सहा ते आठ महिन्यांची जपानी बाळं हा फरक अमेरिकन बाळांइतकाच ओळखतात, आणि वर्षाची होईपर्यंत दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. मराठी न येणाऱ्या मित्राला आपला ‘ळ’ आणि ‘ल’ एकच वाटतो, तसंच हे आहे. तुमच्या सहकाऱ्यांना हे जरूर सांगा. ‘आम्हाला हे जन्मात जमणार नाही’ असं मनाशी धरूनच बरेच जण येतात.

आणि हे मोठेपणीही सुधारतं. १९९१ मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी या संशोधकांनी जपानी प्रौढांना वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात फक्त ‘आर-एल’चा फरक असलेल्या शब्दांच्या जोड्या ऐकवल्या आणि प्रत्येक उत्तर बरोबर की चूक हे तिथल्या तिथे सांगितलं. ओळखण्याची क्षमता वाढली. पुढे १९९७ च्या एका अभ्यासात दिसलं की नुसत्या ऐकण्याच्या सरावाने बोलण्यातला ‘आर-एल’सुद्धा सुधारतो. मी शिकवते ते याच धर्तीवर. कागदावर दोन शब्द मोठे लिहायचे, रेकॉर्डिंग लावायचं, त्यांनी बोट ठेवायचं, तुम्ही लगेच हो किंवा नाही म्हणायचं. आवाज मात्र बदलत राहायला हवेत, बाईचा, पुरुषाचा, कुणी भरभर बोलणारा. एकाच आवाजावर घोटून घेतलं तर तो आवाज पाठ होतो, फरक नाही. रोज दहा मिनिटं पुरतात.

जोड्यांचा क्रमही महत्त्वाचा. शब्दाच्या शेवटचा ‘आर-एल’ त्यांना ओळखायला सोपा जातो, म्हणून अमेरिकन आवाजातल्या ‘टाइल-टायर’, ‘फाइल-फायर’पासून सुरू करा. मग ‘लाइट-राइट’, ‘लोड-रोड’. शब्दाच्या मधले आणि ‘ग्लास-ग्रास’सारखे जोडाक्षरी सगळ्यात अवघड. ‘कलेक्ट-करेक्ट’ त्यातलंच, त्यामुळे तुमची अडचण तीच असली तरी सुरुवात तिथून नको.

आता जीभ. त्यांच्या आवाजात ‘एल’ किंवा ‘आर’ आला की नाही, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे: तो आवाज लांबवायला सांगा. टिचकीसारखा जपानी ‘र’ लांबवताच येत नाही. ‘एल’ येतो, टोक हिरडीला टेकवून ठेवायचं आणि ‘लऽऽऽ’ म्हणत राहायचं. ‘आर’ही लांबवता येतो, पण त्यात टोक कुठेच टेकत नाही. ओठ थोडे गोल करून ‘उ’ म्हणायला लावा, आवाज चालू असतानाच जीभ मागे ओढायला सांगा, मग ‘आइट’. माझ्याकडे येणाऱ्या नागोयाच्या एका इंजिनिअरची जीभ प्रत्येक वेळी शेवटच्या क्षणी वर जाऊन टेकायची. मी त्यांना आरशासमोर फक्त तो ‘उ’सारखा लांब आवाज काढायला लावला, पुढचा शब्दच नाही. तो स्थिर झाल्यावर ‘राइट’ आपसूक नीट आला.

‘आर-एल’इतकाच त्रास मधे घुसणाऱ्या स्वरांचा होतो, पण त्याकडे फारसं कुणी बघत नाही. जपानीत ‘न’सारखा एक आवाज आणि द्वित्त (तेच व्यंजन जोडून येणं) सोडलं तर व्यंजन स्वराशिवाय उभं राहत नाही. म्हणून ‘स्ट्राइक’चं ‘सुतोराइकु’ होतं. ‘मधला उ काढा’ असं सांगून काही होत नाही, कारण तो नसतानाही त्यांना ऐकू येतो. १९९९ च्या एका प्रयोगात ‘एब्झो’ आणि ‘एबुझो’ या बनवलेल्या शब्दांतला फरक जपानी श्रोत्यांना ओळखता येत नव्हता. पण तोक्योच्या बोलीत ‘सुकी’ हा शब्द जवळजवळ ‘स्की’ असाच म्हणतात, ‘देसु’चा ‘देस’ होतो. म्हणजे हा स्वर गिळणं त्यांना उत्तम येतं. ‘स्काय’ म्हणताना सुरुवात ‘सुकी’सारखी करा म्हटलं की चेहरा एकदम उजळतो. ‘ब्लू’साठी ही युक्ती लागू नाही. तिथे ओठ मिटलेले असतानाच जीभ ‘एल’च्या जागी नेऊन ठेवायची आणि मगच ओठ उघडायचे. मग ‘उ’ला शिरायला जागाच उरत नाही.

बाकीचं थोडक्यात. ‘थँक’चं ‘सँक’ झालं तरी संदर्भाने समजतं, त्यावर वेळ घालवू नका. ‘व्ही’चा ‘ब’ होतो, तिथे वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दाखवा, आपला मराठी ‘व’ इथेही उपयोगाचा नाही. ‘सीट’चं ‘शीट’ होणं मात्र लवकर सुधारून घ्या.

मीटिंगमध्ये, त्यातून त्यांच्या वरिष्ठांसमोर, उच्चार दुरुस्त करू नका. ठरवलेल्या वेळेतच करा, आणि शब्द त्यांच्या कामातलेच घ्या: वेल्ड, लेव्हल, रिपोर्ट, क्लॅम्प. ‘ड्रिल’, ‘रोलर’ आणि ‘पॅरलल’ शेवटी ठेवा. एकाच शब्दात दोन्ही आवाज आले की आधी जमलेलाही बिघडतो.