क्लास नको, कोटेशन तिलाच लिहू द्या

ऐरोलीहून एक वडील लिहितात: "मुलगी मराठी माध्यमातली, आता एसवाय बीकॉमला. बिझनेस इंग्लिशच्या सरांनी यंदा नोट्स न देता पाच जणांच्या गटाला प्रोजेक्ट दिलाय. वाशीच्या मसाला मार्केटमधल्या हळद निर्यातदाराला भेटून परदेशी ग्राहकाशी होणारा पत्रव्यवहार तयार करायचा. इंग्रजी कच्चं असताना हे कशाला? स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?"

नमस्कार. क्लास सध्या लावू नका. मिळालेलं काम क्लासपेक्षा मोलाचं आहे, फक्त ते तिच्या हातून व्हायला हवं.

कोटेशनचा नमुना पाठ करून पेपर सुटतो. खऱ्या गाळ्यावर मात्र प्रश्न पडतात. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा घटक, किती टक्के? दर एफओबी न्हावा शेवा (बंदर) द्यायचा की सीआयएफ? एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा. सीआयएफमध्ये जहाजाचं भाडं आणि विमाही दरात धरावा लागतो. इथे गफलत झाली तर शुद्ध व्याकरणाचं पत्रही तोट्यात घालतं. प्रोजेक्टमधून शिकवण्याची ही पद्धत अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्येच मांडली होती. आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणाचाही अनुभवातून शिकण्यावर भर आहे.

मला काळजी आहे ती गटाची. फाडफाड इंग्रजी बोलणारा एक जण सगळं लिहून टाकतो आणि मराठी माध्यमातल्या मुलींच्या वाट्याला स्लाइड सजवणं येतं. हे मला फार खुपतं. कारण गाळ्यावर व्यापाऱ्याशी, हमालांशी बोलून माहिती काढणं याच मुलींना उत्तम जमतं. तिथलं मराठी-हिंदीतलं बोलणं समजून घ्यायचं आणि ते इंग्रजीत नेमकं मांडायचं, हेच तर निर्यातीच्या ऑफिसातलं रोजचं काम!

म्हणून तिने एक अख्खा व्यवहार स्वतःकडे मागून घ्यावा: चौकशीला उत्तर, कोटेशन, ऑर्डर पक्की झाल्याचा मेल आणि माल ओला निघाल्याच्या तक्रारीला उत्तर. पहिला मसुदा तिचाच असावा, मोडकातोडका असला तरी. सरांना भेटून विचारावं, की प्रत्येकाचे मसुदे तपासून देणार का आणि गुण वेगळे मिळणार का. तुम्ही जाऊ नका, तिलाच जाऊ द्या. सर फक्त शेवटचं सादरीकरण बघणार असतील, तर मात्र तिने आग्रह धरावा. चुका कोणी दाखवल्याच नाहीत तर इंग्रजी आपोआप सुधारत नाही.

सेमिस्टर संपल्यावरही बोलताना अडखळत असेल, तर क्लास जरूर लावा. फोनवर ग्राहकाशी बोलायचा सराव करून घेणारा बघा.